नौतपा

गाणं तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांचं आहे.
रात्री बाराला ते बाहेर पडलं,
म्हणजे भदौरियाने अंगठ्याने एक निळं बटण दाबलं
आणि आम्ही चौघं फोनकडे बघत बसलो,
दुधावर नजर ठेवावी तसे.
जनकगंजात त्या वेळी कचोरीवाल्याची कढईसुद्धा
पालथी असते.

बँडचं नाव नॅरोगेज.
ती गाडी आता धावत नाही.
पण नीरद म्हणाला, आपणही तसेच हळू जाणार,
कुणाला वाटलं तर उतरून बोरं तोडावीत
आणि परत चढावं.

ऐकणार असाल तर सांगते, त्यात काय काय नाही.

कूलर नाही.
मे संपत आलेला, पारा शेहेचाळीस,
वर पाटोरीचं छत, दगडाच्या लांब फळ्यांचं,
भिंतींना खिळे ठोकून टांगलेल्या रजया,
डांबरगोळ्यांच्या वासाच्या,
आणि खाली स्विचपाशी बाबा.
टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं लाइनी जोडल्या त्यांनी,
आता तोडायच्या ड्यूटीवर.
वरून कस्तुरी ओरडायची, "काका, बंद!"
खालून उत्तर यायचं, "बंद!"
मग घर इतकं गप्प व्हायचं
की पाठीवरून घाम कुठवर आलाय ते कळायचं.

कुलश्रेष्ठ आंटींचा मिक्सर त्यात नाही.
"कितनी देर, बेटा?"
"बस, चार मिनट."
हे आम्ही त्यांना सतरा वेळा सांगितलं
आणि सतराही वेळा त्या भिजवलेल्या डाळीसमोर
हात मांडीवर ठेवून बसल्या.
इस्त्रीवाल्या रामहेतचा रेडिओ नाही.
समोरच्यांचा कुत्रा नाही,
त्याला भदौरियाच्या धाकट्या भावाबरोबर
भर उन्हात फिरायला धाडलं होतं.
दोघंही अजून आमच्याशी बोलत नाहीत.

एक कबुतर मात्र आहे. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर.
फडफड. नीरद कापणार होता.
मी म्हटलं, राहू दे,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आणि माझा बेस.
आहे, पण फोनवर ऐकू येत नाही,
चांगले हेडफोन लागतात.
आईने दोनदा ऐकून विचारलं,
"सगळं छान गं, पण तू नेमकं काय वाजवलंस?"
"फरशी," मी म्हटलं.
"म्हणजे?"
"म्हणजे त्यावर बाकीचे उभे आहेत."
"बरं," म्हणाली, आणि भांडी पुसायला लागली.

साडेबाराला ऐकणारे एकोणीस.
त्यात आम्ही चौघं, आई,
कस्तुरीची साताऱ्याची मावसबहीण,
रामहेतचा मुलगा (त्याने रडका इमोजीही पाठवला,
आवडलं की नाही ते समजेना),
आणि पोलंडमधलं कुणीतरी,
वाट चुकलेलं, पण शेवटपर्यंत थांबलेलं.
भदौरिया म्हणाला, "उन्नीस कम नहीं होते यार,
मेरी बारात में भी इतने ही नाचे थे."
मग स्कूटर सुरू झाल्या, एकेक,
आणि गल्ली परत आपली आपली झाली.

बाबा दहालाच झोपले होते.
जेवताना एवढंच विचारलं होतं,
"कूलरचा आवाज कुठे आला नाही ना?"

पाऊण वाजता खालचा कूलर थांबला.
वाटलं, लाइट गेली.
पण खिडकीतून खांबावरचा दिवा दिसत होता
आणि राउटरचा हिरवा डोळा उघडा होता.
फोनवर एकोणिसाचे वीस झाले.

खालून आली कस्तुरी,
त्या एवढ्याशा स्पीकरमधून, तांदळाच्या दाण्याएवढी.
ड्रम, म्हणजे नुसती टिकटिक.
माझं काहीच नाही.
मी पलंगावरून पाय खाली सोडले.
माझी फरशी म्हणजे त्यांचं छत.
टाचेने वाजवत राहिले, हळू,
जिथे जिथे असायला हवं होतं तिथे,
कबुतरापाशी थांबून, पुन्हा.

तीन मिनिटं बेचाळीस सेकंद झाली.
कूलर लगेच लागला नाही.