खणाची खालची बाजू

पहिल्यांदा फसले ती सहाशे पौंडांना.
हॉर्नकॅसलमध्ये, नदीच्या पुलाजवळच्या दुकानात
ओकचं खणांचं कपाट, चिठ्ठीवर अठरावं शतक.
जुन्या मेणाचा वास येत होता
आणि मी वासावर भुलले.
घरी आणून पाठ फिरवली तर फळी प्लायवूडची,
चहाने रंगवलेली.
खरंच चहाने. ओल्या फडक्याला लागला.

तेव्हापासून शनिवारी मी एनिड गारबटच्या मागे मागे असते.
तिचं वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले,
तरी टेबलाखाली आडवी होते गॅरेजमधल्या पोऱ्यासारखी
आणि हात बाहेर काढून टॉर्च मागते.
"वरून सगळेच गोड.
खण काढ. उलटा कर.
जिथे कुणी बघणार नाही
तिथे खोटं बोलायचा माणूस कंटाळा करतो."

मग मी उलटे करत गेले खण.
लिंकनशायरभर, थंडीत, हातमोजे काढून.
करवतीचे ओरखडे सरळ की गोल,
गोल असतील तर चक्री करवत, म्हणजे नंतरचं.
स्क्रूची खाच अगदी मधोमध असेल तर यंत्राची,
हाताने पाडलेली जराशी चुकते.
गोल टेबल मापून बघायचं दोन्ही बाजूंनी,
लाकूड दोनशे वर्षांत आडवं आकसतं,
गोल राहिलं असेल तर अजून तरुण आहे.
किडीच्या भोकात टाचणी घालायची.
सरळ आत गेली तर ती कीड विजेवर चालणारी.

एकदा एक खुर्ची बघितली,
हातांवर झीज, पायांवर झीज,
आणि पाठीवर, जिथे कुणाचाच हात पोचत नाही, तिथेही.
कुणीतरी बसला असेल साखळी घेऊन,
दोनशे वर्षांचे धक्के
एका दुपारी देत.
मला त्याच्या खांद्यांची दया आली.
एनिडला नाही आली.

आणि मग फेब्रुवारीत, क्लाइव्ह पॉकलिंग्टनच्या गाळ्यात,
पितळी दिव्यांच्या मागे,
घंगाळ.

दोन कड्या, रुंद काठ, पोटाशी ठोक्यांची नक्षी.
चिठ्ठी : "मंदिरातील अर्घ्यपात्र, अठरावे शतक,
दुर्मीळ प्राचीन लेखासह. ३४० पौंड."

लेख काठाखाली होता, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला.
चि. सौ. कां. प्रमिलेस
मामांकडून अल्प भेट
१२ मे १९६८

मी मोठ्याने वाचलं.
क्लाइव्हने चष्मा वर केला. "मंत्र ना?"
"लग्नाचा आहेर," मी म्हटलं.
"यात आंघोळीचं पाणी विसणत."
"नक्की?"
"माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे हे."

तो हसला नाही. हळूच म्हणाला,
"गिऱ्हाइकाला काही ते वाचता येत नाही."
खरं होतं ते.
अख्ख्या हॉलमध्ये त्या ओळी वाचू शकणारी मी एकटी,
आणि इतकी वर्षं मला वाटायचं
पारख म्हणजे लाकूड, स्क्रू, करवत.

एनिडने काठी टेकली.
"खालून बघितलंस?"
आम्ही दोघींनी मिळून उलटं केलं.
तळाला डाख दिलेला, ओबडधोबड, कल्हईवाल्याच्या घाईचा.
भोवती विटेवर घासल्याच्या रेघा,
एकाच बाजूला जास्त,
कारण रोज कुणीतरी त्याच बाजूला ओढलेलं.
एनिड बराच वेळ टॉर्च हलवत राहिली.
"यात काही खोटं नाही," शेवटी म्हणाली,
"चिठ्ठी सोडून."

क्लाइव्हने ३४० खोडून ४० केले.
मी तीस म्हटलं.
"का?"
"मामांनीच लिहिलंय, अल्प."

गाडीत ते एनिडच्या मांडीवर होतं, पट्ट्याच्या आत.
ती अक्षरांवरून बोट फिरवत होती, उलट्या दिशेने,
उजवीकडून डावीकडे,
आणि नाव विचारत होती.
प्रमिला, मी सांगितलं.
प्रॉमिला, ती म्हणाली.
नाही, प्र.
प्रॉ.
रागबीच्या फाट्यापर्यंत आमचं तेच चाललं होतं.

मग तिने विचारलं, ही विकली कुणी असेल?
वायपर चालू होते.
मी गिअर बदलला.