मनगटाला वजनं

तुआतापेरेहून दीड तास गाडी चालवत आला,
एका हातानं.
दुसरा जर्सीच्या आत, पोटाशी धरलेला.
जर्सीवर मैदानाचा चिखल, वाळून भेगाळलेला.
नाव स्ट्रुअन. वय एकोणतीस. काम, मेंढ्या कातरणं.

"खांदा निखळलाय," म्हणाला.
निखळला नव्हता.
दंडाच्या हाडाचं गोल डोकं आपल्या वाटीत निवांत होतं.
सुटलं होतं ते वरचं,
गळ्याच्या हाडाचं टोक,
जिथं एरवी नखाएवढीही फट नसते.

मी त्याच्या दोन्ही मनगटांना वजनं बांधली, पाच-पाच किलो.
"मुठीत धरू नकोस. नुसती लोंबू देत."
माणूस धरायला लागला
की स्नायू खोटं बोलतात.

फोटोत हाड वर आलेलं दिसतं.
बघणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं,
पंधरा वर्षं बघतेय मी.
हाड बहुतेक होतं तिथंच असतं.
खाली गेलेला असतो खांदा,
हाताच्या ओझ्यानं,
वरून धरून ठेवणारं कुणी उरलं नाही म्हणून.

डॉक्टर मेरेआनानं बोटानं दाबून पाहिलं.
पियानोच्या पट्टीसारखं हाड खाली गेलं,
बोट काढताच वर.
आवाज नाही. स्ट्रुअनच्या दातांचा तेवढा.
"तिसरी पायरी," ती म्हणाली.
पहिलीत नुसता ताण, रात्री कुशीवर वळताना कळतो.
दुसरीत वरचे बंध तुटतात, खालचे कसेबसे टिकतात.
तुझे दोन्ही गेले.
याच्या पुढच्याही आहेत,
हाड मागं स्नायूत रुततं तशा,
त्या तिनं सांगितल्या नाहीत.
ऑपरेशन? बहुधा नको. आधी झोळी, मग व्यायाम.
टेंगूळ मात्र राहील.
मेंढ्या? तीन महिन्यांनी बघू.

तो सगळ्याला मान डोलावत राहिला.
जर्सीची बाही रिकामी, दाराशी थांबला.
"गुरुवारी म्हाताऱ्याला न्यायचंय.
खांदा द्यायला मी डावीकडं होतो, पुढं."
डावीकडच्याचा उजवा खांदा लागतो.
"मग बाजू बदल," मेरेआना म्हणाली, "डावा धड आहे तुझा."
"उजवीकडं पुढं लॅकलन आहे."
"मग त्याला सांग."
"भाऊ आहे," तो म्हणाला.
आणि जरा वेळानं, "सात वर्षं झाली."

तिच्या कागदांवर याला पायरी नव्हती.

मी वजनं पुसून कपाटात ठेवली.
खिडकीतून त्याची गाडी दिसत होती.
इंजिन बंद. धड हातात फोन.
पुढचा पेशंट, घोड्यावरून पडलेली मुलगी,
दारात उभी होती.
तिला आत घेताना मी पुन्हा पाहिलं.
अंगठा अजून हलला नव्हता.