एकोणीस सीसी

रेवणसिद्धनं गाडी टेम्पोतनं उतरवली.
चार जाड टायर, लाल टाकी,
मधे टू-स्ट्रोक इंजिन, हात लावला तर चटका.
"तापायलीय ओ अण्णा. दोन चकरा झाल्या की बसायलीय."
तुळजापूर रोडला, त्याच्या हॉटेलामागं,
माळावर पोरं ती पळवतात. शंभराला दोन चकरा.
एप्रिल. पारा त्रेचाळीस.
माळालाच ताप आलेला,
गाडीचं काय घेऊन बसलाय.

हेड उघडलं.
पिस्टनच्या माथ्यावर, कडेकडेनं, बारीक खड्डे.
बोट फिरवलं
तर देवीच्या व्रणांचा गाल लागावा तसं लागलं.
ज्वाळा मधून कडेला पोचायच्या आत
कडेचं पेट्रोल आपणहून पेटतं,
त्याचे हे ठोके.
बाहेरून ऐकू येतं ते डब्यात खडे हलवल्यासारखं.

मला नाही येत.
अशोक चौकातल्या शेडात अठरा वर्षं चोवीस माग,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
डावा कान टॉवेलांबरोबरच विणला गेला.
म्हणून मी इंजिन दाढेनं ऐकतो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरला,
मूठ दातांत.
गिऱ्हाईक आधी हसतं, मग गप्प बसतं.

रेवणनं पोत्यातनं तीन हेडं काढली.
पुण्याच्या एका शर्यतवाल्याची,
चार दिवसांच्या बोलीवर आणलेली.

एक निळं, मोराच्या मानेसारखं.
आतला डोम उथळ, दाब कडक.
"हेच लावा. उडंल गाडी."
उडेल की. एकदाच.

दुसरं मूळ कंपनीचं, कुणीतरी तासलेलं.
कडेला कानशीच्या खुणा.
अनोळखी माणसाच्या घाईवर
मी गास्केट बसवत नाही.

तिसरं राखाडी, बोजड.
ना रंग, ना झळाळी.
पण भोवती पाण्याची पोकळी दीडपट,
डोम सुटा, बदलता येणारा, दोन रबरी कड्यांवर बसणारा.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो
आणि मी इथं जास्त पाणी पिणारं हेड निवडायलोय.
बायकोला सांगितलं नाही.

प्लगच्या भोकातनं सोल्डरची तार आत सोडली,
इर्शादनं क्रँक एकदा फिरवला,
तार चपटी होऊन आली.
एक पॉइंट सहा. फार मोकळं.
डोमची बैठक लेथवर पॉइंट चारनं उतरवली.
मग सिरिंजनं तेल सोडून पोट मोजलं:
राखाडी बावीस सीसी, निळं एकोणीस.
"तीन सीसीनं काय होतंय ओ?"
ह्या उन्हात, इथल्या पेट्रोलवर,
तीन सीसीत एक पिस्टन जातो, रेवण.

नट आवळताना मी तेलुगूत मोजतो,
आई मोजायची तसं,
समोरासमोर, थोडं थोडं, ओकटी, रेंडु, मूडु,
एकालाही आधी पूर्ण आवळायचं नाही.

दुपारी दोनला, मुद्दाम दोनलाच, माळावर चढ घेतला.
इर्शादनं पाचवी चकर संपवली,
मी मूठ दाताखाली धरली.
खडे नाहीत.
फक्त एक जाडसर, सरळ थरथर,
जबड्यातनं कवटीत,
आणि डाव्या बाजूला, जिथं काहीच येत नाही,
तिथंही काहीतरी आल्यासारखं.
प्लग काढून बघितला. भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग.

रेवण म्हणाला, "जरा मंद वाटायलीय."
मी म्हणालो, "वाटू दे."
पैसे देताना त्यानं तोंड केलंच.

निळं हेड त्यानं परत पाठवलं नाही, विकत घेतलं.
हॉटेलच्या गल्ल्यावर उलटं ठेवलंय,
विटेच्या दोन तुकड्यांवर,
भोकात जुना प्लग आवळून.
जेवून उठलेली माणसं त्यातनं बडीशेप घेतात.
मीही घेतो.
एकोणीस सीसी,
काठोकाठ.