चारशे बारा खुंट्या

लिएपायाच्या नाट्यगृहात वारा आधी आत शिरतो,
मग माणसं.
काउंटरच्या आड विझ्मा. सत्तावीस हिवाळे
तिनं गावाचं ओझं हातांवर झेललं:
समुद्र प्यायलेली लोकर,
बाहीत कोंबलेले मफलर,
दंतवैद्य ओझोल्सचा कोट, एक बटण कायम परक्या रंगाचं.
बिल्ला द्यायची, रीत म्हणून.
परत देताना बघायची चेहऱ्याकडेच.

अक्कल खुंटीला टांगली म्हणून आपण हसतो कुणाला.
हिची तिथेच असायची,
रोज संध्याकाळी पाच ते अकरा,
दुसऱ्यांच्या अंगच्या उबेसकट.

मग भिंतीला लॉकर आले.
मॅनेजरनं फुलं दिली. तिनं मोजली: दहा.
तिकडे सम आकडा मयताला नेतात.
एक काढून दारातच वॉचमनला दिलं.

पहिल्या वर्षी दूध उतू गेलं, दोनदा.
दुसऱ्या वर्षी एक बुधवार सापडेना.
सकाळी उठायचं कशाला,
हे विचारणारं घरात कुणी नव्हतं,
म्हणून तीच विचारत राहिली,
आणि त्या गडबडीत नावं
मागच्या दारानं निघून गेली.
‘वय, गं,’ बहीण फोनवर.
त्रेपन्न.

दवाखान्यातली पोर बहिऱ्याशी बोलावं तसं बोलते:
पाच शब्द सांगते. नंतर विचारीन.
आता शंभरातून सात वजा करत चला.

त्र्याण्णव. शहाऐंशी.
विझ्मा डोळे मिटते आणि टांगत जाते.
साबण: ओला रेनकोट, दाराजवळ.
पूल: तपकिरी, लांब, पाठीत वाकलेला.
हेरिंग: बंदरावरचं जाकीट, इतरांना लागू द्यायचं नाही.
शिट्टी: मास्तरांचा, खिशातून दोरी लोंबतेय.
आणि पाचवा...
पाचवी खुंटी रिकामी.

‘सावकाश, घाई नाही.’
‘असते,’ विझ्मा म्हणते.
‘पडदा पडला की चारशे माणसं एकदम येतात.’

कागदावर चार. पान उलटल्यावर
व्यवसाय: एक आडवी रेघ.

निघताना पोरीचा कोट खुर्चीत चुरगळलेला दिसतो.
हात आपसूक जातो: खांदे झटकून, कॉलर वर,
दाराच्या खिळ्याला.

जिना उतरताना आठवतं. निळा.
त्या कोटाचं अस्तरच होतं निळं.
परत वर जाऊन सांगत नाही.
कोळीणबाईला बाजारात कुणी हवंय म्हणे,
शनिवार-रविवार,
हिशेब तोंडी.