फुल्या-गोळे

डेल्मर रस्टॅडला सामन्यात मी कधी धड पाहिलंच नाही.
मी बस चालवायचो.
आत चेंडू आपटत असायचे, मी बाहेर, इंजिन चालू ठेवून;
नॉर्थ डकोटात जानेवारीत इंजिन एकदा रुसलं
की त्याची समजूत काढता काढता उजाडतं.
त्याची एकतीस वर्षं मी पाहिली ती आरशातून:
दाराजवळची पहिली सीट, खिडकीकडची.

जिंकला की लगेच झोपायचा, तोंड उघडं टाकून.
हरला की डोक्यावरचा दिवा लावायचा,
सूर्यफुलाच्या खारट बिया फोडायचा, टरफलं कागदी कपात,
आणि काचेवर धरलेल्या वाफेत बोटानं काढायचा
फुल्या आणि गोळे.
फुल्या आपली पोरं, गोळे त्यांची,
आणि एक बाण, दर वेळी
अर्ध्या वाटेत थांबणारा.
मी म्हणायचो, "पूस ते. झालं ते झालं."
तो म्हणायचा, "तू रस्ता बघ."

एकदा बर्फात अडकलो, जेम्सटाउनच्या अलीकडे.
चौदा पोरं, चार घोंगड्या, डिझेल काट्याच्या तळाशी.
दर दहा मिनिटांनी तो हजेरी घ्यायचा, आडनावानं.
ऑस्टलंड. हजर. प्रुइट. हजर. क्वाले.
क्वाले!
पहाटे चारला क्वालेनं त्याला आईवरून शिवी हासडली
आणि रस्टॅड इतका खूश झाला
की फायनल जिंकल्यावरही मी त्याला तसा पाहिला नसता.
(फायनल आम्ही कधी खेळलोच नाही.)

याच प्रुइटनं पुढच्या वर्षी दोन फ्री थ्रो घालवले,
दोन सेकंद उरलेले, दोन्ही रिंगला लागून बाहेर.
त्या रात्री पहिली सीट रिकामी. मागं पाहिलं,
तर शेवटच्या रांगेत दोघं, शेजारी शेजारी,
दोनशे मैल, एक शब्द नाही.
फक्त बियांची पुडी इकडून तिकडे.
लव्हाँट प्रुइट आता फार्गोत गणित शिकवतो.
दर नाताळात त्याचं पाकीट यायचं रस्टॅडकडे,
आत चिठ्ठी नाही, बिया.

मोठ्या विद्यापीठाचं बोलावणंही आलं होतं.
त्याच्या बायकोनं, सॉल्वेगनं,
वाण्याकडून रिकामी खोकी आणून ठेवलेली.
नाही गेला. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला,
"ते लोक विमानानं जातात.
विमानाच्या काचेवर वाफ धरत नाही."
सॉल्वेगला काय सांगितलं, ठाऊक नाही.
खोकी बरीच वर्षं त्यांच्या गॅरेजात होती.

मग नवा डायरेक्टर आला,
रस्टॅडच्या पहिल्या कॅप्टनचा मुलगा शोभेल अशा वयाचा.
तीनशे अठ्ठ्याण्णव विजय, चारशे अकरा पराभव,
त्यानं वजाबाकी केली.
निरोपाच्या पाटीवर आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं.
रस्टॅड म्हणाला, "असू दे, फुकटचं आहे."

शेवटचा सामना एकोणीस गुणांनी गेला.
तो बसमध्ये चढला, पायरीवर बूट झटकले,
कोट पांघरला.
दिवा लागेल म्हणून मी वाट पाहिली.
बिस्मार्क मागं पडलं. स्टील मागं पडलं.
तो झोपला होता, तोंड उघडं टाकून,
आणि त्याच्या बाजूची काच
वाफेनं भरून गेली होती, कोरी.

मी दोनदा आरशात पाहिलं.
मग रस्ता बघितला.