थ्री फेज गेल्यावर

पाच चाळीसला थ्री फेज जाते.
रात्रभर केळीला पाणी पाजणाऱ्या मोटारी
एकामागून एक घसा खाकरून गप्प होतात,
आणि हिंगोण्याच्या शिवारावर
असं काही उतरतं
ज्याला आमच्या खात्यात नाव नव्हतं.
आम्ही त्याला फॉल्ट म्हणायचो.

तेव्हाच मी निघतो. पायात खात्याने दिलेले शेवटचे बूट.
मागे फ्यूज. कुत्री कुणाचीच नाही,
नाव मात्र मी ठेवलं, ऐनवेळी उडते म्हणून.
मोरीपर्यंत येते. पुढची हद्द दुसऱ्या कुत्र्यांची.
तिथे बसते आणि माझ्याकडे असं बघते
जणू मीच सांगितलेलं ऐकत नाही.

पहिली बोलते टिटवी.
कोरड्या पात्रात तिची चार अंडी आहेत,
गोट्यांतले चार गोटे, जरा जास्त नीट ठेवलेले.
ती माझ्यावर ओरडते,
म्हणजे मी रोजच्याच वाटेवर आहे.
नदीचं नाव मोर. पाणी एका डबक्यापुरतं,
त्यात शुक्र आणि एक बेडूक,
दोघंही नाकापर्यंत बुडालेले.
पलीकडच्या बांधावरून मोर केकाटतो.
मोर नदीत मोर. या विनोदाला मी रोज एकटाच हसतो.

चैत्र लागून आठवडा झाला.
निंबाचा फुलोरा रस्त्यावर कोंड्यासारखा सांडलाय,
बुटाखाली आला की कडू-गोड वास सोडतो.
उत्तरेला सातपुडा अजून पांघरुणात.
पळसाखाली वानरांनी अर्धी खाऊन
टाकलेली फुलं; एक म्हातारी वानरीण
पोटाशी पोर धरून बसलीय.
मला बघून जांभई देते. दात माझ्यापेक्षा बरे.

खांब क्रमांक एकशे बारा.
यावर मी किती वेळा चढलो, हिशेब नाही.
आज वर कोतवाल, ना ग्लोव्ह, ना झुला, ना परमिट.
शेजारी अकरा हजारांच्या तारेवर
सहा वेडे राघू एकमेकांना खेटून,
थंडीने फुगलेले, हिरवे.
वर असताना दिसले नाहीत कधी.
वर असताना नजर फक्त बोल्टावर.

आडव्या पट्टीवर कावळ्याचं घरटं,
काड्यांत आमच्याच तारेचे तुकडे.
मार्चअखेर घरटी काढा, असा हुकूम यायचा.
काढली. मोजली नाहीत.
एकदा पिल्लांसकट.
ते जाऊ दे.

गव्हाच्या खुंटांत ठेलाऱ्यांची मेंढरं बसवलीत.
एक बाई, कमरेला विळा, हातात
रात्रीच जन्मलेलं कोकरू, अजून ओलसर.
"धर जराखं भाऊ, मी आत्ते येस,"
म्हणाली आणि घोडीमागे धावली.
मी धरलं. कोकराने तोंड फिरवलं,
शोधलं, आणि माझा उजवा अंगठा धरला.

हा अंगठा तेवीस वर्षं मेलेला.
भालोदच्या फीडरवर भाजला तेव्हापासून
सुई टोचा, निखारा लावा, त्याला खबर नसते.
ते चोखत राहिलं,
शेपूट हलवत, पूर्ण विश्वासाने, कोरडा अंगठा.
मला काही कळत नव्हतं.
मग कोपरापाशी कुठेतरी
बारीक झिणझिण आली, सिंगल फेजसारखी,
बल्ब लागत नाही, पण तार लाल होते.

बाई घोडी घेऊन परतली.
"काय व्हयनं भाऊ? डोयामां काय गयं?"
फुलोरा, म्हटलं. निंबाचा.
तिने वर पाहिलं.
तिथे निंब नव्हता, बाभूळ होती.
काही बोलली नाही, कोकरू घेतलं
आणि त्याच्या आईच्या अंगाखाली ढकललं.

सूर्य केळीच्या फाटक्या पानांतून
पट्ट्यापट्ट्यांनी येत होता तेव्हा मी परतलो.
तांबट ठोके देत होता, कुठे, ते दिसलं नाही.
टिटवी पुन्हा तितकीच रागावली.

मोरीवर फ्यूज उठली, अंग झटकलं,
माझा अंगठा हुंगला. बराच वेळ.
मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं,
मी कुठे जाऊन आलो, याची
चौकशी करावी तसं.
चल, म्हटलं. सांगतो.