पंधरा मीटर वायर

गेगा म्हणतो, बाबुआ, पुन्हा अडकलं.
म्हणजे काय, ते आता मला कळतं.
पडद्यावर तो पळत सुटलेला असतो
आणि पळता पळता चार पावलं मागे फेकला जातो,
कुणी सदऱ्याला धरून ओढावं तसा.
मग सगळंच थिजतं.
मग सगळं एकदम घडून गेलेलं असतं:
पूल तुटलेला, लांडगे येऊन गेलेले,
आणि तिकडे इटलीत, बारीमध्ये, त्याची आई
तुकडे पडलेल्या आवाजात विचारत असते,
"गे… गा, कु… आहेस?"

चियातुरात एकतीस वर्षं मी टेलिफोनच्या खांबांवर काढली.
या गावात माणसंसुद्धा तारेवरून जायची,
लोखंडी पेटीत उभी राहून, दरीवरून, खाणीच्या पाळीला.
तारेला एक टोक असतं आणि दुसरं टोक असतं.
तुटली तर कुठे तुटली ते सापडतं.
बिनतारी गोष्टीचं तुटलेलं टोक
माणसानं शोधायचं कुठे?

तरी शोधलं.
राउटर फ्रीजमागे धूळ खात होता, तो कपाटावर चढवला.
गेगा आकडा वाचतो, मी वहीत लिहितो, वेळ घालून, जुनी सवय.
एकशे ऐंशी.
कपाटाला मझियाच्या लग्नातला आरसा आहे.
आरसा लहरी परतवतो म्हणे.
काढला, भिंतीकडे तोंड करून ठेवला.
शेजारची लामारा दारातूनच छातीवर क्रूस काढत म्हणाली,
"कोण गेलं?"
कुणी नाही गं. गेम अडकतोय.
एकशे चाळीस.

इमारतीतले सगळे राउटर सहाव्या चॅनेलवर,
पंगतीत सगळ्यांनी एकदम बोलावं तसे.
आम्ही उठून अकराव्यावर गेलो.
नव्वद. बरं वाटलं.
पण रोज साडेनऊला आकडा उडी मारून चारशेवर.
तीन रात्री वही धरून बसलो तेव्हा चोर सापडला:
खालचा रेवाझ, त्याचा मायक्रोवेव्ह, त्याची खाचापुरी.
गरम खाऊ नकोस, असं कुणाला सांगतात का?
मी सांगितलं.
तो हसला, म्हणाला, उद्यापासून थंडच खातो.
खोटं. आकडा खोटं बोलत नाही.

शेवटी बाजारातून पंधरा मीटर वायर आणली.
सोलून पाहिली, नुसती हौस म्हणून.
आत आठ बारीक तारा, जोडीजोडीनं पिळलेल्या.
पीळ का देतात ते मला कुणी शिकवायला नको.
एका जोडीचं बोलणं दुसरीत सांडू नये म्हणून.
दाराच्या चौकटीवरून, पलंगामागून, हीटरला वळसा घालून
दर वितीवर एक खिळा.
गुडघे कुरकुरले. हात नाही.
एकेचाळीस.
गेगा दोनदा वाचतो. एकेचाळीस, बाबुआ.

त्या रात्री उशिरा तो पुन्हा हाक मारतो.
अडकलं.
शक्यच नाही, म्हणत मी चष्मा शोधतो.
पुलावर मझियाचा माणूस उभा आहे, निळ्या टोपीतला, गप्प.
मी आकडा पाहतो. एकेचाळीस. बेचाळीस. एकेचाळीस.
बर्फ पडतंय. खाली नदी वाहतेय.
टोपीतलं पीससुद्धा वाऱ्यानं हलतंय.

हेडफोन माझ्या कानाला लावतो.
लाइनवर पलीकडे कोण जागं आहे, कोण नाही,
एवढं तरी मला अजून कळतं.
दिवसभर त्या म्हातारीला उठवायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं,
आणि मग मुलासाठी लॉगिन करायचं.
लांब, सारखा श्वास. एकही तुकडा नाही.

मी काही बोलत नाही. गेगाही नाही.
तो आपला माणूस पुलावर नेतो,
निळ्या टोपीच्या पुढ्यात उभा करतो.
लांडगे येतात तेव्हा
त्याचं एकही पाऊल मागे फेकलं जात नाही.